भिंगरीचा उजवा खांदा

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. कपडे शिवायची हे एक कारण, आणि जिभेला धार होती हे दुसरं. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. त्यामुळे घर, जिन्याखालचं दुकान आणि अकरा वर्षांची भिंगरी हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. शाळेचे गणवेश तीच शिवायची. निम्म्या शाळेची मापं तिला वही न उघडता पाठ होती.

पण गेलं वर्षभर एका मापाने तिला छळलं होतं, आणि ते होतं घरचंच. भिंगरीचा फ्रॉक अंगात घातला की उजवीकडून वर जायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच कापताना चुकलं. उसवून पुन्हा शिवला, पुन्हा तेच. मग तिने डाव्या खांद्यात कापडाची छोटी गादी घातली, उजवीकडची दुमड थोडी सोडली, आणि फ्रॉक दिसायला सरळ झाला. वर भिंगरीच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणायची, "नीट उभी राहा गं! बोचक्यासारखी काय उभी राहतेस?"

शेजारणी म्हणाल्या, दप्तराच्या ओझ्याने होतं. तिचं काही समाधान झालं नाही. म्हणून शाळेतून दरवर्षीप्रमाणे आरोग्य तपासणीचा कागद आला, तेव्हा तिला उलट बरंच वाटलं. आधीच्या वर्षी शाळेनेच मुलांना रांगेने नेऊन आणलं होतं, यंदा पालकांनी न्यायचं होतं. डॉक्टर मात्र तोच, शाळेने ठरवलेला. आता त्यालाच विचारू, म्हणून सकाळीच दुकान बंद करून ती निघाली.

दवाखान्यात बाकांवर मुलंच मुलं. दारापाशी टेबलाशी बसलेली नर्स मान खाली घालून कागद भरत होती. भिंगरीच्या पुढे एक हाडापेराचा मुलगा होता, तिच्यापेक्षा वीतभर उंच. त्याची उंची लिहिली एकशे अडतीस. भिंगरीची लिहिली, तीही एकशे अडतीस.

"ताई, हिला मोजलंत कधी?" कात्रीबाईने विचारलं.

"उंची मोजायची पट्टी मोडली आहे. अंदाजाने लिहितेय."

"अंदाजाने मी एक बाही जरी कापली ना, तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल."

"मावशी, पुढे चला. रांग खोळंबली आहे."

आत डॉक्टर खुर्चीत रेलून बसला होता. "जीभ दाखव," म्हणाला, ती पाहिली न पाहिली आणि कागदावर शिक्का मारला. निरोगी.

"डॉक्टर, हिची पाठ बघा जरा. एक खांदा वर आहे."

"दप्तरं जड असतात हल्ली. पुढचा."

"एकदा हात तरी लावून बघा."

"बाई, बाहेर साठ मुलं बसली आहेत."

"मग साठही नीट बघा! त्यासाठीच बसलाय ना इथे?"

डॉक्टरने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही डॉक्टरकी शिकलात का?"

कात्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवीतला टेप तिने सरकन बाहेर ओढला. "नाही शिकले. मापं घेते. भिंगरे, बूट काढ आणि भिंतीला पाठ लाव."

"आई, चल ना गं घरी," भिंगरी रडकुंडीला आली. दारातून चार-पाच डोकी आत डोकावत होती.

"गप्प उभी राहा." तिने खांद्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडला. "उजवीकडे पंचेचाळीस इंच. डावीकडे सव्वाचव्वेचाळीस. आता बोला, हे दप्तर का? दप्तर तर घरी आहे!"

डॉक्टर उठला, आणि भिंगरीला हात सोडून पुढे वाकायला सांगितलं. ती वाकली तशी फ्रॉकखाली पाठीची उजवी बाजू टेकाडासारखी वर आली. त्याने मणक्यावरून बोट फिरवलं. बोट सरळ खाली गेलंच नाही, मध्येच वळलं.

"हे कधीपासून आहे?" आवाज एकदम मऊ झाला होता.

"मला विचारता? गेल्या वर्षीही तुमच्यापुढे उभी होती ही! तेव्हाही शिक्का मारलात!"

त्याने टेबलावरचा कागद हळूच स्वतःकडे ओढला. तिने तो वरच्या वर उचलला. "हा माझ्याकडे राहील."

मोठ्या इस्पितळात पाठीचा एक्स-रे फोटो निघाला. कणा वाकलेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: दिवसातले अठरा तास पाठीला पट्टा बांधायचा, वाढ संपेपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षं. बहुतेक ऑपरेशन टळेल. वर्षभर आधी आणलं असतं तर काम सोपं झालं असतं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर कात्रीबाई खालीच बसली. डॉक्टरने तर बघितलंच नव्हतं. तिने बघितलं होतं, आणि गादी घालून झाकलं होतं.

"मी तुला पाठीत मारायचे," ती म्हणाली.

"पाच वेळा," भिंगरी म्हणाली. "एकदा जोरात."

तिने पोरीला जवळ घेतलं, पण अलगद, जणू काही मोडेल.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापिकेच्या टेबलापुढे उभी राहिली. गेल्या वर्षी घरी आलेल्या कागदावरचा शिक्का, यंदाचा शिक्का आणि फोटो शेजारी शेजारी मांडले.

"झालं ते वाईट झालं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण उगाच बोभाटा नको."

"बोभाटा तर होणारच. मुलं शाळेची, डॉक्टर शाळेने ठरवलेला. सगळ्यांना पुन्हा तपासा, नाहीतर संध्याकाळी फाटकाशी उभी राहून एकेका आईला हे कागद दाखवते."

पंधरा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टर आल्या. तपासणीला तीन दिवस लागले. सात मुलांना चष्मा निघाला, आणि वर्गात मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या एकाला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं.

नवरा घरी आला, पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. मग म्हणाला, "आता शांत हो. वेळेत कळलं ना?"

"वेळेत?" कात्रीबाई म्हणाली. "वर्षभर उशिरा कळलं. शांत मला इतक्यात व्हायचं नाही." आणि पट्ट्यावरून बसेल असा सैल फ्रॉक कापायला घेतला.