हारुनभाईंनी दिलेलं कार्ड

दत्तू बोराडेला काही शिकवायला जाणं म्हणजे आपलाच वेळ घालवणं. अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस. मिक्सर बिघडो, कूलर बिघडो, नाहीतर शेजाऱ्याची मोटरसायकल, उघडायला हाच पुढे. आणि खोटं कशाला बोला, दहातली नऊ कामं त्याला जमायचीच. दहाव्याबद्दल तो बोलत नसे. सिडकोतल्या घरातला कॉम्प्युटरसुद्धा त्याने एकेक पार्ट जमवून, मोबाईलवर व्हिडिओ बघत स्वतः जोडला होता. "तयार घेतात ते येडे," असं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायचा.

लेक वेदिका अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला लागली आणि त्या कॉम्प्युटरची दमछाक सुरू झाली. चार सेकंदांचं चित्र तयार व्हायला अख्खा दिवस. ग्राफिक्स कार्ड बदलणं भाग होतं, पण हवं ते नवं कार्ड दत्तूच्या आवाक्याबाहेर. मग वर्गातल्या पोरांनी वेदिकाला हारुनचाचांचं नाव सांगितलं.

भद्रकालीत त्यांचा जुन्या पार्टांचा एवढासा गाळा. पाटी नाही, जाहिरात नाही. चाचा खराब वस्तू देत नाहीत, असं पोरं एकमेकांना सांगायची आणि तेवढ्या शब्दावर तो गाळा चालायचा. हारुनभाईंनी आधी घरच्या कॉम्प्युटरची चौकशी केली, वीजपुरवठ्याचा डबा किती ताकदीचा आहे ते विचारलं. मग एक वापरलेलं कार्ड काढून आपल्या मशीनला लावलं आणि वेदिकाचीच फाइल त्यावर तासभर चालवून दाखवली. पोरीचा चेहरा असा खुलला, की दत्तू भाव करायचं विसरला.

"दोन महिने काही झालं तर माझी जबाबदारी," हारुनभाई म्हणाले. "आतून साफ करून दिलंय दादा. आता याला हवा मारू नका. बसवा आणि विसरून जा."

हा मला मशीन शिकवणार, दत्तू मनात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. अंबडला त्या दिवशी कारखान्यात मशीनं धुतली-पुसली जातात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, पाने-पकडी पाटावर मांडून हळद-कुंकू वाहतात. दुसऱ्याच्या घरून आलेली वस्तू पूजेशिवाय कामाला लावायची नाही, हा दत्तूचा हट्ट. त्याने वेदिकाला न सांगता कार्ड डब्याच्या पिशवीत घातलं आणि कामावर नेलं. पूजा झाली, पेढे वाटले. एवढ्यावर थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. पण पंख्याच्या फटीत त्याला धुळीची एक रेघ दिसली. झालं! कंप्रेसरचा पाइप समोरच लोंबत होता. बावीस वर्षं ज्या हवेने मशीनं झाडली, त्याच हवेचा फवारा त्याने कार्डावर सोडला. कंप्रेसरच्या टाकीत साचणारं पाणी सणाच्या गडबडीत कुणी काढलेलं नव्हतं. हवेबरोबर तेलकट, दुधाळ पाणी आत गेलं. दत्तूने फडक्याने वरवर टिपलं, कार्ड थोडा वेळ उन्हात धरलं आणि घरी आणून बसवलं.

बटण दाबलं, पडदा काळाच राहिला. मग जळका वास आला.

"पप्पा, काय झालं?" वेदिका धावत आली.

त्या क्षणी खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण माणसाचा स्वभाव बघा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "जुनाट माल गळ्यात मारला त्याने," दत्तू म्हणाला. म्हणाला तेव्हाच त्याला आपली लाज वाटली. पण शब्द गेला तो गेला.

संध्याकाळी दोघं गाळ्यावर गेली. हारुनभाईंनी स्क्रू काढून वरचा पत्रा उचलला, आत बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग त्यांनी दत्तूकडे पाहिलं. दत्तू शेजारच्या भिंतीकडे बघत होता. वेदिका रागाने लाल झाली होती.

"माझ्याकडूनच काही राहिलं असेल, बेटा," हारुनभाई म्हणाले आणि सगळे पैसे परत दिले.

वेदिकाने त्याच दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं, भद्रकालीतल्या चाचांकडून काही घेऊ नका, फसवतात. तिने ते दत्तूला वाचूनही दाखवलं. तो हं म्हणाला. पुढे दुसरीकडून हलकं नवं कार्ड आणलं, कोर्स पार पडला, वेदिकाला नोकरी लागली. दत्तू मात्र घरातली मशीनं उघडेनासा झाला. बायकोला वाटलं, वय झालं.

दोन वर्षांनी, धीर करून, तो भद्रकालीत गेला. गाळ्यात मोबाईलची कव्हरं टांगलेली. शेजारचा शिंपी म्हणाला, "पोरं यायची बंद झाली ना. आता मनमाडला जावयाच्या दुकानात बसतात."

रविवारी दत्तू मनमाडला गेला. हारुनभाई काउंटरमागे चार्जर विकत बसले होते. दत्तूने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: पूजा, पाइप, पाणी.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," हारुनभाई म्हणाले. "कंप्रेसरच्या तेलाचा वास लपतो का, दादा?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरगी शेजारी उभी होती. तिच्यासमोर तिच्या बापाला खोटं कसं पाडायचं? मला वाटलं, घरी गेल्यावर तुम्हीच सांगाल तिला."

दत्तूने हात जोडले. हारुनभाईंनी ते धरून खाली केले, चहा मागवला. रागावलेही नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दत्तूला परतीच्या वाटेवर सारखं वाटत राहिलं.

घरी आल्यावर त्याने वेदिकाला समोर बसवलं आणि सांगितलं. ती ओरडेल, रडेल, अशी त्याची तयारी होती.

"गेल्या वर्षी चाचा मला सीबीएसला भेटले होते," ती म्हणाली. "स्टँडवर. त्यांनी ओळखलं मला. जवळ येऊन विचारलं, बेटा, कोर्स झाला का पूर्ण?"

"मग?"

"मी तोंड फिरवून बसमध्ये चढले, पप्पा."