पहिल्या यादीचा दत्ताराम

घाटकोपरच्या भटवाडीत दत्ताराम पेडणेकरला विचारल्याशिवाय कोणी मेडिकलचा फॉर्म भरत नसे. स्वतः गडी मॅट्रिकला दोनदा आपटलेला, पालिकेच्या पाणी खात्यात मुकादम. पण रुबाब असा, की कॉलेजाच्या चाव्या जणू ह्याच्याच कनवटीला. दरवर्षी जुलैत एक किरकोळ रजा टाकायचा आणि कॉलेजात जाऊन फलकावरची यादी वहीत उतरवून आणायचा. शेवटचा मुलगा किती मार्कांवर आत गेला, तो आकडा लाल शाईने. अशा नऊ वर्षांच्या वह्या.

मार्कशीट घेऊन माणसं दारात उभी राहायची. दत्ताराम चष्मा कपाळावर चढवून निकाल द्यायचा, आणि देताना जीभ काही आवरायची नाही. "दोनशे सत्तर? झिला, त्या कॉलेजात तुला पेशंट म्हणून घेतील!" पोरगा रडवेला व्हायचा, बाप ओशाळून निघून जायचा. दत्तारामला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोला.

चौऱ्याऐंशी साली त्याची स्वतःची शुभा बारावी झाली. तीनशेत दोनशे सत्याहत्तर. लहानपणापासून डॉक्टर, डॉक्टर करणारी पोर. तिने मार्कशीट पुढे ठेवली, ह्याने वही उघडली. गेल्या वर्षीचा लाल आकडा दोनशे ब्याऐंशी.

"नाही होणार."

"फॉर्म तरी भरूया ना, बाबा."

"कशाला? चाळीत हसं करून घ्यायला? लोकांना एक सांगू नि घरात दुसरं करू?"

शुभा दोन दिवस जेवली नाही. बायको जानकी म्हणाली, "अहो, पोरीचा जीव गेला तरी तुमचा आकडा हलायचा नाही का?" नाही हलला. तिसऱ्या दिवशी शुभाला डी.एड.ला घालून, मूळ कागदपत्रं तिथे जमा करून हा मोकळा झाला.

शेजारच्या मालनचं नि ह्याचं नळावरून वाजलेलं, तीन वर्षं बोलणं बंद. त्यामुळे तिने लेकीची, वसुधाची मार्कशीट ह्याला दाखवलीच नाही. दोनशे चौऱ्याहत्तर. अडवायला कोणी नव्हतं, तिने सरळ लेकीचा फॉर्म भरून टाकला. ऑगस्टच्या शेवटी मालन अख्ख्या चाळीत पेढे वाटत फिरली. दत्तारामचं दार तेवढं गाळलं.

"वशिला लावला असणार," म्हणत दत्ताराम शहानिशा करायला कॉलेजात गेला. फलकावर एक सोडून तीन याद्या. पहिली दोनशे एक्क्याऐंशीला संपलेली, तिसरी दोनशे चौऱ्याहत्तरला.

"पहिल्या यादीतले कितीतरी इंजिनियरिंगला पळतात," खिडकीतला कारकून म्हणाला. "दरवर्षीचंच आहे हे."

"ज्याने फॉर्मच नाही भरला, त्याचं?"

"त्याचं काय? संपलं. पुढल्या वर्षी पुढल्या वर्षीची पोरं."

रजा एकाच दिवसाची, म्हणून दुसरी नि तिसरी यादी ह्या शहाण्याने नऊ वर्षांत कधी पाहिलीच नव्हती. घरी आला तेव्हा शुभा पुठ्ठ्यावर बाराखडीचा तक्ता रंगवत होती.

"किती?" तिने विचारलं.

"दोनशे चौऱ्याहत्तर."

ब्रश पाण्यात बुडवून तिने पुढचं अक्षर रंगवायला घेतलं.

पुढल्या जूनमध्ये डोंगरावरच्या वस्तीतून अंबादास नावाचा एक फळविक्या आला. लेकीची मार्कशीट रुमालात गुंडाळून आणलेली. दोनशे शहात्तर. दत्तारामने वही उघडली. फॉर्म भर म्हणावं, हे ओठांवर आलं होतं. पण आज भर म्हटलं, तर नऊ वर्षं परत पाठवलेली सगळी माणसं उद्या दारात येऊन जाब विचारतील. चष्मा त्याने कपाळावर चढवला.

"नाही होणार," तो म्हणाला.

अंबादासने मार्कशीट पुन्हा रुमालात गुंडाळली, हात जोडले आणि तो निघाला. शुभा उठली, त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली.

"काका, आजच फॉर्म भरा," ती म्हणाली. "आणि कोणालाही विचारा, ह्या माणसाला विचारू नका."

दत्तारामला ते आत स्पष्ट ऐकू आलं.