अव्वाचं ताक आणि अप्पांची मोटार

लातूरच्या एका साप्ताहिकात मी मोटारींवर सदर लिहीत असे, आणि तोवर आयुष्यात मी एकूण दीड वेळा मोटार चालवली होती. (अर्ध्या वेळी गाडी उतारावरून आपोआप गेली. मी आत होतो, एवढंच.)

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावात नव्या पाट्या आल्या, नवे साहेब आले, नवी ऐट आली. पाऊस तेवढा आला नाही! आमचे संपादक म्हणाले, "आता आपण तालुक्याचा पेपर नाही, जिल्ह्याचा पेपर. जिल्ह्याच्या पेपरात सगळं पाहिजे. शेअरबाजार पाहिजे, फॅशन पाहिजे, मोटार पाहिजे!" शेअरबाजार आमच्यात कुणाला कळत नव्हता, फॅशन कुणी करत नव्हतं. राहता राहिली मोटार, ती माझ्याकडे आली.

मोटारींचं वेड मात्र मला खरोखरीचं होतं. रद्दीच्या दुकानातून इंग्रजी मोटार-मासिकं आणायची, शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि लिहायचं : 'या गाडीचा क्लच लोण्यासारखा आहे', 'वळणावर ही रस्त्याला बिलगून जाते.' ज्या गाड्यांवर मी लिहायचो त्या लातुरात कधी येणारच नव्हत्या. त्यामुळे मला खोटं पाडायला कुणी नव्हतं. पत्रकाराला याहून काय पाहिजे?

माझे सासरे अप्पा हे उदगीरचे आडत दुकानदार. माझं सदर ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवत. त्यांच्या हमालांना जर्मन गाड्यांचे ब्रेक तोंडपाठ झाले होते. वाचता वाचता अप्पांनाही मोटार घ्यावीशी वाटू लागली. ओळखीच्या एका डॉक्टरांची जुनी काळी गाडी विकायची होती. ती बघायला मला लातूरहून खास बोलावून घेतलं. मी बॉनेटवर टिचकी मारली, टायरला लाथ मारली आणि डोळे मिटून इंजिन ऐकलं. (मासिकात एक गोरा मनुष्य असाच डोळे मिटून उभा असलेला फोटो होता. तो नेमकं काय ऐकत होता, ते काही खाली छापलं नव्हतं.)

"अप्पा," मी डोळे उघडून म्हणालो, "हिचं दिल साफ आहे."

अप्पांनी गाडी घेतली!

पुढच्याच महिन्यात माझ्या मेहुणीचा, मंगलचा, साखरपुडा नांदेडला ठरला. मुलगा बँकेत होता, घराणं तालेवार होतं. अप्पांनी गाडीवर एक ड्रायव्हर ठेवला होता, पण दुष्काळात पाण्याचे टँकर सुरू झाले आणि तालुक्यातले झाडून सगळे ड्रायव्हर टँकरवर गेले. आमचाही गेला. आदल्या संध्याकाळी मी आणि बायको सुनंदा उदगीरला पोचलो, तेव्हा अप्पा अगदी निवांत बसले होते.

"ड्रायव्हर नाही मिळाला?" मी विचारलं.

"ड्रायव्हर कशाला पाहिजे?" अप्पा हसले. "तुम्ही येऊन राहिलात न्हवं! सगळ्या जगाला गाडी शिकवून राहिलात, आम्हाला नांदेडला सोडणार न्हाई का?"

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. माझी दीड वेळ तिला माहीत होती. पण माहेरी नवऱ्याची अब्रू काढणाऱ्यातली ती नव्हे. ती फक्त देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सकाळी निघालो. मी नवा पांढरा सफारी शिवला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी अप्पा. मागे सुनंदा, मंगल आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. अव्वांच्या मांडीवर ताकाची मोठी किटली होती. गावोगावची जनावरं छावणीत गेली असताना अव्वांची म्हैस दूध देत होती, आणि ही गोष्ट व्याह्यांना कळलीच पाहिजे असा त्यांचा निश्चय होता.

उदगीर ते अहमदपूर मी दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. तिसरा सापडत नव्हता.

"जावाईबापू, सायकलवाले पुढं जाऊन राहिलेत," अप्पा म्हणाले.

"नव्या घेतलेल्या गाडीला जपून न्यावं लागतं, अप्पा."

"नवी कुठं? जुनीच हाय की!"

"मग तर जास्तच जपावं लागतं."

अहमदपूर मागे पडलं. ऊन असं की समोरचा डांबरी रस्ता पातळ झाल्यासारखा हलत होता. मी इंजिन थंड कसं राहतं यावर एक छोटंसं व्याख्यान सुरू केलं. "पाणी रेडिएटरमधून फिरतं, त्याला वारा लागतो..."

"जावाईबापू, पुढून धूर येऊन राहिलाय."

"धूर नाही अप्पा, वाफ आहे ती."

"मग बरं हाय का?"

"नाही!" मी ओरडलो आणि ब्रेक दाबला.

गाडी एका गावाच्या तोंडाशीच थांबली. मी बॉनेट उघडलं. आत रेडिएटर चहाच्या आधणासारखा खदखदत होता. थोडा थंड झाल्यावर रुमालानं झाकण फिरवलं, तर उरलंसुरलं पाणीही कारंजं होऊन माझ्या सफारीवर! (मासिकातल्या गाड्यांना कारंजी नसत.)

तेवढ्यात गावातून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर बाया-बाप्ये घागरी, हंडे, डबे घेऊन पळत येताहेत. काळी मोटार, पांढरा सफारी, काळा चष्मा! नवीन जिल्ह्याचे मोठे साहेबच दुष्काळ बघायला आले, अशी त्यांची खात्री झाली होती. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी होती. पदर खोचलेला, कमरेवर रिकामी घागर.

"सायेब, टँकर कवा येनार?" तिनं विचारलं.

"मावशी, मी साहेब नाही..."

"सगळे असंच म्हनतेत! टँकर कवा येनार ते सांगा."

मी घसा खाकरला. सांगावं तर लागणारच होतं. "मावशी, खरं म्हणजे मीच... थोडं पाणी मागणार होतो."

मग मागून एक पटकेवाला मोठ्यानं म्हणाला, "बगा! आदी उस्मानाबादचे सायेब यायचे, नुसते हीर बगून जायाचे. आता जिल्हा आपला झाला, तर सायेब उलटं आपल्यालाच पानी मागून राहिले!"

काय हशा पिकला! मग त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि विहीर दाखवली. तळाला भेगा पडल्या होत्या. चष्मा काढून खिशात ठेवला.

परत आलो तर म्हातारीनं घरातून तांब्याभर पाणी आणलं होतं. "लेकरांनो, उन्हाचे आलात. घोट घोट प्या."

तांब्या माझ्या हातात आला. माझी नजर नकळत रेडिएटरकडे गेली. म्हातारीनं ती बरोबर पकडली.

"मान्साला दिलंय," ती म्हणाली. "मशीनला वतलं तर याद राख!"

आम्ही सगळे घोट घोट प्यायलो. उरलेलं पाणी रेडिएटरला ओतायची माझी हिंमत नव्हती, आणि लाज होती ती वेगळीच. इकडे मुहूर्त जवळ येत होता. अप्पा घाम पुसत होते. अखेर मला अव्वांच्या मांडीवरची किटली दिसली.

"अव्वा," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "रेडिएटरला काहीही पातळ चालतं. आणि ताकात तसं पाणीच जास्त असतं..."

चूक झाली! अव्वांचा चेहरा लाल झाला. "माझ्या ताकात पाणी? माझ्या?" त्यांनी किटली पोटाशी धरली. "सुनंदे, तुझा नवरा काय बोलून राहिलाय बघ! आजवर माझ्या ताकाला कुणी नाव ठेवलं न्हाई!"

"अगं, ते तसं नव्हे..." अप्पा मध्ये पडले.

"तुम्ही बोलूच नका! मोटार कुणी आणली? दिल साफ हाय म्हणे!"

भांडण असं रंगलं की गावकरी घागरी पालथ्या घालून त्यांवर बसले. उदगीरपासून एक शब्द न बोललेली मंगल मात्र दार उघडून उतरली. नवी इरकल, केसात गजरा. तिनं अव्वांच्या हातून किटली घेतली, बॉनेटपाशी गेली आणि सगळं ताक रेडिएटरमध्ये ओतलं.

"ताक उद्याबी करता येतंय," ती म्हणाली. "मला लगीन करायचंय!"

गावानं टाळ्या वाजवल्या. त्याच गावकऱ्यांनी गाडी ढकलून सुरू करून दिली. ढकलता ढकलता म्हातारी खिडकीतून म्हणाली, "सायेब नसलास तरी टँकरचं सांग कुनाला तरी." मी मान हलवली. (पुढच्या अंकात मी मोटारीऐवजी त्या गावावर लिहिलं. टँकर गेल्याचं नंतर कळलं. माझ्यामुळे गेला की आधीच निघाला होता, हे विचारायचं मी टाळलं.)

लोहा येईपर्यंत ठीक होतं. मग गाडीतून एक वास येऊ लागला. आधी आंबूस, मग खमंग. नांदेडात व्याह्यांच्या दारात आम्ही थांबलो तेव्हा बॉनेटच्या फटींतून पांढरे बुडबुडे येत होते आणि गल्लीभर घमघमाट सुटला होता. धोतर सावरत व्याही पुढे आले. त्यांनी नाक वर केलं.

"कढीचा वास कुठून येतोय?"

मी काहीतरी शास्त्रीय सांगणार होतो. पण सुनंदा पहाटेपासून गप्प होती, आणि माणसाच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते.

"गाडीतूनच," ती म्हणाली. "उकळी चांगली आलीय. फोडणी तेवढी तुमच्याकडं द्या!"

दारात उभा असलेला नवरामुलगा फस्सकन हसला. मंगल हसली. मग अव्वासुद्धा हसल्या, आणि हसता हसता म्हशीचं सांगायचं विसरल्या नाहीत. साखरपुडा मुहूर्तावर झाला. परतीला आम्ही सगळे एसटीनं आलो.

लग्नाच्या बोलणीला व्याही उदगीरला आले. फार सज्जन माणूस. म्हणाले, "आम्हाला मानपान नको, आहेर नको, काहीच नको. एकच अट आहे, वरातीची गाडी थोरल्या जावयांनी चालवायची नाही."

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. अव्वांनी पदर तोंडाला लावला. मी अपमान गिळून काहीतरी उदात्त बोलायच्या बेतात होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला :

"मंजूर!"

आवाज माझ्या बायकोचा होता.