दुनळीची जटा

रामघाटावरच्या वेदपाठी घनपाठ्यांची मुलगी बंदूक चालवते, ही बातमी गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. नव्वदीची सुरुवात होती. मी एम.ए.ला होते आणि विद्यापीठाच्या मैदानावर नेमबाजी शिकत होते, तीही मातीच्या कबुतरांवर. कबुतर म्हणजे बशीएवढी चकती. यंत्र ती भिरकावतं आणि आपण ती हवेत फोडायची. मला ते जमायला लागलं होतं, आणि त्याची अशी झिंग चढली होती की घाटाच्या पायऱ्या उतरतानाही मी कावळ्यांवर बोट रोखत असे.

"मंगला गौरीच्या देवळाशेजारी राहून चिड़िया मारतेस?" आप्पांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं. मी एक चकती आणून त्यांच्या हातात ठेवली. माठ घेताना वाजवतात तशी त्यांनी ती वाजवली आणि "कच्ची आहे" म्हणून परत केली. पण स्पर्धेला लखनौला जायचं तर त्यांचा होकार हवाच होता. "निवडीच्या दिवशी येऊन बघतो, मग ठरवू," ते म्हणाले. त्यांच्या 'मग ठरवू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

त्यात माझी आणखी एक पंचाईत होती. दुनळी बंदुकीला चाप दोन. पुढचा ओढला की मोकळ्या तोंडाची नळी उडते आणि छर्रे अक्षतांसारखे पसरतात. ती जवळच्या चकतीसाठी. मागचा चाप चोकवाल्या नळीचा. तिचं तोंड आवळलेलं, म्हणून छर्रे एकवटून लांब जातात. चकत्यांची जोडी आपल्यापासून दूर पळत असेल तर आधी पुढचा चाप, मग मागचा. अंगावर येत असेल तर उलट: पहिली लांब असतानाच मागच्यानं टिपायची, तोवर जवळ आलेली दुसरी पुढच्यानं. सांगायला सोपं. पण आम्हाला शिकवणारे निवृत्त सुभेदार जोड्या सोडायचे दूर, अंगावर, परत दूर, आणि माझं ठरेपर्यंत चकती गवतात. "सोचोगी तो उड़ जाएगी," ते म्हणायचे.

उत्तर सापडलं पोळ्या लाटताना. भिंतीपलीकडे बैठकीत आप्पा विद्यार्थ्यांना वेदाचा जटापाठ देत होते. जटेत दोन शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे, मग परत सरळ. मुलींना त्या बैठकीत जागा नव्हती, पण भिंतीला कान असतात ते काही उगाच नाही. लहानपणापासून ऐकून ती लय माझ्या हाडात मुरली होती. दूर, अंगावर, दूर. सरळ, उलट, सरळ. मी लाटणं हातात धरून हसत सुटले. आईला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

निवडीच्या दिवशी आप्पा छत्री घेऊन आले आणि माझ्या मागे खुर्चीवर बसले. मी नेहमीसारखी पुटपुटले, "पुढचा-मागचा." दोन्ही फुटल्या. "मागचा-पुढचा." अंगावर येणाऱ्या दोन्हींचा भुगा झाला, थोडा माझ्या ओढणीवरही पडला. मला इतका आनंद झाला की पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. आता कुठला चाप? लखनौ गेलं, असं वाटलं. मी नुसतीच उभी.

अर्धवट राहिलेली जटा आप्पांच्यानं ऐकवत नाही. मागून त्यांचा बैठकीतला खणखणीत आवाज आला, "पुढचा-मागचा." मी इशारा केला, चकत्या सुटल्या, बोटं आपोआप हलली. दोन्ही फुटल्या.

"पंडितजी, इम्तहान में बताना मना है," सुभेदार म्हणाले आणि शेवटची जोडी त्यांनी मला पुन्हा मारायला लावली. तीही फुटली. माझं नाव संघात लागलं.

परतताना रिक्षात मी अखंड बडबडत होते. गोदौलियाच्या चौकात आप्पांनी मला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "जटा कुणी शिकवली?"

"कुणी नाही. पोळ्या करताना ऐकली."

"लखनौहून आलीस की बैठकीत येऊन बस," ते म्हणाले. "भिंतीआडून शिकलेलं कच्चं राहतं."