आईच्या कोंबड्या आणि जंताचं औषध

आईचा तेरावा झाला त्याच संध्याकाळी माझ्या थोरल्या भावानं जाहीर केलं, की तिच्या कोंबड्या सांभाळायला कुणाला वेळ नाही, आठवडी बाजारात विकून मोकळं व्हायचं. लुगडी वाटून घेतली, भांडी वाटून घेतली, आणि कोंबड्यांचं तेवढं ओझं झालं. मी बांबूच्या डालग्यात घालून सगळ्या सासरी घेऊन आले. जीपमध्ये शेजारचा माणूस आमच्या तालुक्याच्या वाशीपर्यंत नाक धरून बसला होता. धरू दे.

घरी हातात धरल्या तेव्हा कळलं, पिसांखाली नुसती हाडं. तुरे पांढुरके पडलेले, आणि दाणे टाकले की अधाशासारख्या तुटून पडायच्या. सकाळी खुराडं झाडताना विष्ठेत शेवयांसारखे जंत वळवळताना दिसले आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. आईच्या अंगणातून माझे भाऊ, भावजया रोज ये-जा करत होत्या. डोळे काय खुंटीला टांगले होते?

वाशीच्या जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणलं. डॉक्टरांनी बजावलं, की पाण्यातून द्यायचं, पण आधी कोंबड्या तहानलेल्या हव्यात, नाहीतर त्या औषधाच्या पाण्याला तोंड लावणार नाहीत. शिवाय ते सांगतील तोवर अंडी खायची नाहीत आणि कोंबडी कापायची नाही.

मी अंगणातली सगळी भांडी पालथी घातली, हापशाजवळचं डबकं मातीनं बुजवलं. ऊन वर आल्यावर औषधाचं पाणी घेऊन गेले, तर कोंबड्या सावलीत पंख पसरून तृप्त बसलेल्या. सासूबाईंनी जर्मनची परात काठोकाठ भरून ठेवली होती. दारातल्या मुक्या जिवाला पाणी दिल्याशिवाय त्या स्वतः चहाला तोंड लावत नाहीत, ही त्यांची जन्माची रीत. वर माझ्यावरच डाफरल्या, की मेलेल्या आईची कोंबडी तहानेनं मारतेस, हे पाप कुठं फेडशील? पुण्य त्यांच्या पदरात आणि जंत कोंबड्यांच्या पोटात! मी ते औषधाचं पाणी उकिरड्यावर ओतलं आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी खुराड्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुपारपर्यंत सासूबाई माझ्या नावानं देवाकडं गाऱ्हाणं घालत होत्या. मग आत औषधाचं पाणी ठेवलं, ते कोंबड्यांनी टिपूस न ठेवता संपवलं. पुढं जंतांचे गोळेच्या गोळे पडले. मी सगळं झाडून जाळलं.

त्याच आठवड्यात थोरला भाऊ आला. आखाड चालू होता, म्हणजे श्रावणाआधी मटणाचं जेवण हवंच. बाजेवर बसल्या बसल्या त्यानं कोंबड्या न्याहाळल्या आणि सगळ्यांत हडकलेलीकडं बोट केलं.

"ही काप की आखाडाला. वय झालंय तिचं, वाळणारच."

मी चहा आणला होता, तो खालीच ठेवला.

"वयानं न्हाय वाळली, दादा. जंत झालते तिला. आईबी अशीच वाळत चालली होती. मी फोनवर दर खेपेला म्हणायचे, दवाखान्यात न्या, आन् तुम्ही दर खेपेला हेच सांगायचात, वय झालंय."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ हळूच म्हणाला, "मग आईला काय झालतं?"

"मला कसं ठाव असंल? तुम्ही तपासलंच न्हाय."

तो चहा न पिता उठला. मी त्याला बसा म्हणाले नाही.