दहाव्याला दिलेला शब्द

कावळ्यालासुद्धा फसवतात माणसं.

आज आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं. मी चौथी शिकलेली. मी बोलते, नात टाइप करते. मध्येच म्हणते, "आजी, हळू ना."

हे सरकारी ऑफिसात क्लार्क. रिटायर झाल्यावर पक्षाचं काम. मुलुंडला चाळीच्या भिंतीवर "ऋण काढून सण नाही" ह्यांनीच ब्रशने रंगवलं. अक्षर काय झकास! माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. असो.

पक्ष म्हणायचा, सत्ता द्या, सरकारचं कर्ज कमी करून दाखवतो. ह्यांना ते खरंच वाटलं.

सत्ता आली. मग कर्ज काढूनच सण सुरू.
फुकटची साडी मीपण घेतली, खोटं कशाला बोलू. काठ छान होते.

ह्यांनी भर सभेत उभं राहून विचारलं, "तूट किती कमी केली?"

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, तूट म्हणजे काय?"
"मिळकतीपेक्षा खर्च जास्त. आपल्या घरात तू कधी होऊ दिली नाहीस ती."
एवढ्या संसारात माझं कौतुक ते एकदाच.

त्यानंतर त्यांना कुणी बोलवेना. गजाभाऊ, ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, आता पक्षाचा वॉर्डाध्यक्ष. तोही समोरून दिसला की रस्ता बदलायचा.
हे गॅलरीत बसून त्याची वाट बघायचे.
मी चिडून बोलले, "एका प्रश्नापायी दोस्त घालवलात."


दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.
मुलगा म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." नाही.
"पक्षाचं काम बघीन." नाही.
ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू या.

तेवढ्यात गजाभाऊ रडत पुढे आले. "वश्या, तुझा प्रश्न सभेत मी विचारतो रे. आईशप्पथ!"

झपकन कावळा आला.
मी ढसाढसा रडले. वाटलं, सुटले बिचारे.

वर्षभर प्रत्येक सभेला गेले मी. पुढच्या रांगेत बसले. माईक गजाभाऊंच्याच हातात.
नाही विचारलं.

काल भाजीबाजारात गाठलंच. "भाऊजी, शब्द दिला होतात."

हसले. "वहिनी, कावळा शिवला ना? झालं मग."

अहो, ऐकताय ना?
जिवंतपणी ह्या लोकांवर विश्वास ठेवलात, मेल्यावरपण ठेवलात.

दोस्त तुम्ही नव्हता घालवला. मी उगाच बोलले. चुकलं माझं.

पुढच्या सभेत मी उभी राहणार. तुमचा प्रश्न मीच विचारणार.

तुम्ही आता मागे वळून बघू नका. सावकाश जा.