कापलेला समास

१९७४चा उन्हाळा: परभणीतील माझ्या छापखान्यात पुस्तकाची शेवटची पाने छापून झाली. त्याच वर्षीचा पावसाळा: छापील कागद ग्रंथालय समितीने विकत घेऊन बांधणीसाठी ताब्यात घेतले. दिवाळीनंतर: प्रकाशन. जबाबदार व्यक्ती दोन, समितीचे अध्यक्ष आणि कार्यवाह. बाइंडरला मी वगळतो. त्याने सांगितलेले केले.

पुस्तक पोखर्णीकडच्या एका बौद्ध वस्तीतील बायकांच्या गाण्यांचे होते. धर्मांतरानंतर ती त्यांनी स्वतः रचली होती. एकेका गाण्यात तिघी-चौघींची कडवी. म्हणून प्रत्येक कडव्याशेजारी, बाहेरच्या समासात, ते रचणारीचे नाव शिशाच्या बारीक खिळ्यांत, एकेक अक्षर लावून, जुळवले. त्यासाठीच समास रुंद ठेवला. हातकागद आणला, कोरड्यावर शाई नीट धरेना म्हणून तो दमट करून छापला. माझ्याकडे खिळे आठ पानांपुरतेच होते. आठ पाने छापायची, जुळणी सोडायची, त्याच खिळ्यांत पुढची आठ जुळवायची. शेवटी त्या कागदांखेरीज पुस्तक कुठेही शिल्लक नव्हते.

प्रकाशन समारंभात अध्यक्षांनी त्या बायकांपैकी एका वृद्धेच्या हाती पहिली प्रत दिली. तिची सून शिक्षिका होती. तिने पान उघडले आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या, तुमचं नाव आर्धंच हाय वो."

"आर्धं? मंग कडवं बी आर्धंच रचलं का म्या?"

अध्यक्ष हसत म्हणाले, "मावशी, गाणं तर सबंध आहे ना?"

"हाय की सायब. तुमच्या फोटूचं मुंडकं कापा अन् लावा भिताडाला. धड तर सबंधच ऱ्हाईल."

सभागृहात हशा पिकला. ती हसली नाही. प्रत तिने खुर्चीवर ठेवली आणि सुनेचा हात धरून ती निघून गेली.

पुस्तक कपाटाच्या फळीत उभे राहीना, आडवे ठेवले तर बाहेर येई, म्हणून सगळ्या प्रतींच्या तिन्ही कडा कापून घेतल्या, असे कार्यवाहांनी मला शांतपणे सांगितले. एका कपाटासाठी! मी पत्रामागून पत्र लिहिले. उत्तर एकदाच आले: समासातील मजकूर हा पुस्तकाचा भाग नव्हे. हा नियम कोणत्या कायद्यात आहे, हे विचारले. उलट कायदा सांगतो की पुस्तकावर मुद्रकाचे नाव असलेच पाहिजे. माझे आहे, शाबूत आहे. म्हणजे रचणाऱ्या बायका बेदखल, आणि या विद्रूप पुस्तकाचा कायदेशीर मुद्रक मी!

प्रती विकत घेतल्याने कागदावर मालकी येते. कुणाचे नाव छाटण्याचा अधिकार येत नाही.

अध्यक्ष आणि कार्यवाह, आपण दोघेही हयात आहात, सभांना जाता, हार स्वीकारता. मला खाजगी पत्र नको. त्या वस्तीत जा, ज्या बायका उरल्या आहेत त्यांच्यासमोर उभे राहा आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगा: कापा, असे तुम्हा दोघांपैकी कोण म्हणाले?